पहिला श्वास आणि हाताची उजळणी

'वेड पांघरून पेडगावला जाणं' ही म्हण मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे. कळत असून न कळल्याचं सोंग करणाऱ्याला ती लावतात. म्हणीतलं पेडगाव बहुधा भीमाकाठचं, बहादूरगडाचं. मी जिथून लिहिते ते पेडगाव परभणीजवळचं, निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं. आज ज्या विषयावर लिहायचं आहे, तिथं ही म्हण उलटी होते. इथं कुणी सोंग करत नाही. माणसाला सगळं खरोखर माहीत असतं, विचारलं तर तो बिनचूक सांगतो, आणि तरीही वेळ आली की हात चालत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. २०१६ साली 'बीएमसी प्रेग्नन्सी अँड चाइल्डबर्थ' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. त्यात पहिलं नाव सेवाग्रामच्या डॉ. आकाश बंग यांचं होतं. अभ्यास तीन ठिकाणी झाला होता: नागपूर, बेळगाव आणि केनियातलं एल्डोरेट. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं वाचवायचं याचं प्रशिक्षण ७१ दवाखान्यांतल्या ८३५ जणांना दिलं गेलं. बाळंतपण करणाऱ्या नर्स, डॉक्टर असे हे लोक. सरासरी पावणेसात महिन्यांनी त्यांची पुन्हा परीक्षा घेतली. लेखी प्रश्नांत ९९ टक्के पास झाले. बाहुलीवर प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितलं, तेव्हा ८१ टक्के पास झाले. प्रशिक्षण संपलं त्या वेळी याच कामात ९९ टक्के पास होते.

म्हणजे डोक्यात सगळं शिल्लक राहिलं होतं. हातातून मात्र जवळपास पाचातल्या एकाचं निसटलं होतं. मी शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुली दरवर्षी नर्सिंगला जातात. त्यामुळं हे दोन आकडे वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेले नाहीत. या आकड्यांपर्यंत आपण कसे पोहोचलो, तो इतिहास सांगावासा वाटतो.

पहिल्या मिनिटात काय होतं

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं आणि प्राणवायू नाळेतून येतो. जन्मल्याबरोबर हे सगळं बदलावं लागतं. फुप्फुसं हवेनं भरावी लागतात. बहुतेक बाळांना हे आपोआप जमतं. साधारण दहातल्या एका बाळाला थोडी मदत लागते. त्यातल्याही बऱ्याच जणांना कोरड्या कापडानं नीट पुसलं, पाठ चोळली की ती रडतात. शंभरात तीन ते पाच बाळं मात्र अशी असतात, ज्यांना पिशवी आणि मास्क लावून हवा द्यावी लागते. ही हवा पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवी. प्रशिक्षणात या मिनिटाला 'सुवर्ण मिनिट' म्हणतात.

काम ऐकायला सोपं आहे. मान किंचित मागे, मास्क नाक-तोंडावर घट्ट, मिनिटाला सुमारे चाळीस वेळा पिशवी दाबायची आणि छाती वर येते का ते पाहायचं. पण मान जरा जास्त वाकली तर हवेचा रस्ता बंद होतो. मास्कची कड जरा सुटली तर हवा बाजूनं निघून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला पिशवी दाबली जाताना दिसते आणि आत काहीच पोहोचत नाही. हा फरक बोटांना कळावा लागतो.

आपल्या घरांत बाळ जन्मलं की पहिली आठवण अजानची होते. अब्बा नाहीतर दादा हात धुऊन, टोपी घालून तयार उभे असतात. उजव्या कानात अजान दिली जाते आणि मग मिठाई वाटली जाते. पण ती अजान ऐकायला बाळानं आधी श्वास घेतलेला असावा लागतो. दाराबाहेरच्या माणसाला आतलं ते मिनिट दिसत नाही. ते मिनिट नर्सच्या हातात असतं.

दाईपासून बाहुलीपर्यंत

बेशुद्ध माणसाला श्वास देऊन उठवण्याची धडपड जुनी आहे. बाळ रडलं नाही तर तोंडानं फुंकर घालण्याची पद्धत अनेक देशांतल्या दायांना माहीत होती. अठराव्या शतकात युरोपात ती संस्थांच्या हाती आली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १७६७ साली आणि लंडनमध्ये १७७४ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी मंडळं स्थापन झाली. त्यांच्या उपायांत तोंडानं श्वास देणं होतं, भाता होता, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्याचा प्रकारही होता. खरा आणि खोटा उपाय शेजारी शेजारी नांदत होते, कारण कोणता चालतो हे मोजायची रीत नव्हती.

मोजायची रीत विसाव्या शतकात आली. १९५३ साली न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी नवजात बाळाला दहापैकी गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. तोवर कित्येक निपचित बाळांकडे नीट पाहिलंही जात नसे. गुण द्यायचे म्हटल्यावर प्रत्येक बाळाकडे पाहणं भाग पडलं.

पिशवीची गोष्ट डेन्मार्कची. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांना शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून जगवलं. त्याच देशातल्या भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी १९५६ साली दाबल्यावर आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी आणली. आज आपल्या दवाखान्यात जिला 'अंबू बॅग' म्हणतात ती हीच. तिला वीज लागत नाही, सिलिंडरही लागत नाही.

सिलिंडर लागत नाही, हे मात्र बऱ्याच उशिरा सिद्ध झालं. नवजात बाळाला शंभर टक्के ऑक्सिजनच द्यायला हवा, असा समज अनेक वर्षं पक्का होता. १९९३ साली दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीतल्या साध्या हवेनंही बाळं सावरतात, हे दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढं अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासानं त्याला दुजोरा दिला. खेड्यातल्या दवाखान्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. ऑक्सिजन संपला म्हणून हात बांधून बसायचं कारण उरलं नाही.

राहिली बाहुली. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर गावचे खेळणी बनवणारे अ‍ॅस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली श्वास देण्याचा सराव करण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली बनवली. तिचं नाव अ‍ॅन. पाहून काम शिकणं आणि करून शिकणं यातला फरक या बाहुलीनं जगाला दाखवला. पन्नास वर्षांनी त्याच घराण्याच्या संस्थेनं पाण्यानं भरता येणारी नवजात बाळाची स्वस्त बाहुली तयार केली. नागपूर-बेळगावात अशाच बाळाच्या बाहुलीवर हात बसवले गेले.

गडचिरोलीचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचं मोठं काम मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळात झालं असेल, असं कुणालाही वाटेल. ते झालं गडचिरोलीच्या खेड्यांत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळंतपणं घरीच होत होती, म्हणून उपचारही घरीच न्यायचे असं ठरलं. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आकडे छापून आले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

श्वास कोंडलेल्या बाळांचा हिशोब त्यांनी २००५ साली वेगळा मांडला. १९९३ ते १९९५ या काळात गावातल्या दाया तोंडानं फुंकर घालत. १९९६ पासून आरोग्यदूत नळी आणि मास्क वापरू लागल्या, १९९९ पासून पिशवी आणि मास्क. श्वास कोंडल्यामुळं होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले.

या आकड्याकडं बघताना लोक पिशवीचं कौतुक करतात. मला त्यातली देखरेख जास्त महत्त्वाची वाटते. आरोग्यदूताला एकदा शिकवून सोडून दिलं नव्हतं. वरिष्ठ नियमित गावात येत, तिच्या नोंदी तपासत, हात बघत आणि चुकलेलं तिथंच सुधारत. शाळा फारशी न शिकलेल्या बाईचा हात वर्षानुवर्षं तयार राहिला तो त्यामुळं.

बाळंतपण दवाखान्यात आलं

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले, आशाताई सोबत येऊ लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणं २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१५-१६ मध्ये ती ७९ टक्क्यांवर गेली. महाराष्ट्रात हाच आकडा सुमारे ६५ वरून ९० वर गेला. माझ्या आजीच्या पिढीची जचकी दाईच्या हातची. माझ्या विद्यार्थिनींच्या पिढीची सिस्टरच्या हातची. एवढा मोठा बदल दहा-पंधरा वर्षांत झाला.

दाई गेली, तशी तिची जबाबदारी नर्सवर आली. त्यासाठी २००९ साली सरकारनं 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू केला. दोन दिवसांचं प्रशिक्षण, त्यात पिशवी-मास्कचा सराव. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं गरीब देशांसाठी 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा चित्रांवर आधारलेला सोपा कार्यक्रम आणला. त्याची मोठी चाचणी जिथं झाली, त्यातलं एक ठिकाण म्हणजे आपलं सीमेवरचं बेळगाव.

तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. शिवप्रसाद गौडर आणि सहकाऱ्यांनी परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आणि इस्पितळांतल्या ५९९ जणांना शिकवलं. २०१३ साली निकाल आले. मृत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरलं. जन्माच्या अगदी थोडा वेळ आधी गेलेली मानली जाणारी बाळं १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आली.

हा आकडा जरा थांबून वाचा. प्रशिक्षण जन्मानंतरच्या मिनिटाचं होतं आणि कमी झाले ते 'मृत जन्म'. याचा अर्थ, आधी ज्यांची नोंद मृत म्हणून होत होती, त्यातली काही बाळं जिवंत होती. ती फक्त श्वास घेत नव्हती. कुणी पिशवी लावली नाही म्हणून ती रजिस्टरच्या चुकीच्या रकान्यात गेली. अशा किती आयांनी 'मेलेलंच जन्मलं' हे वाक्य नशीब म्हणून ऐकून घेतलं असेल?

पण त्याच अभ्यासात २८ दिवसांच्या आतले मृत्यू कमी झाले नाहीत. ते १.८ आणि १.९ टक्के, म्हणजे होते तिथंच राहिले. नंतर नागपूर, बेळगाव आणि एल्डोरेटच्या परिसरातले सत्तर हजारांहून अधिक जन्म मोजले गेले, तेव्हा एकूण मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. त्या नोंदीत प्रशिक्षण न झालेल्या ठिकाणचे जन्मही होते, हे खरं. तरी प्रश्न उरतोच. शिकवलेलं बाहुलीपर्यंत पोहोचलं, बाळापर्यंत किती पोहोचलं?

सात महिन्यांनंतर

याचं उत्तर टांझानियातल्या हायडम नावाच्या खेड्यातल्या इस्पितळानं शोधलं. तिथं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. सात महिन्यांनी परीक्षा घेतली तर बाहुलीवर लोक आधीपेक्षा कितीतरी चांगलं करत होते. मग संशोधकांनी प्रसूतिगृहातल्या खऱ्या बाळंतपणांच्या नोंदी पाहिल्या. तिथं काहीच बदललेलं नव्हतं.

त्यांनी प्रशिक्षण आणखी लांबवलं नाही. उलट छोटं केलं. बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि आठवड्याला तीन ते पाच मिनिटं सराव सुरू केला. कामाच्या पाळीत, कामाच्या जागी. २०१५ साली त्यांनी निकाल दिला: पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले होते.

हात का विसरतो, याचा हिशोब आपल्याकडंही मांडता येतो. समजा एखाद्या आरोग्य केंद्रात महिन्याला दहा बाळंतपणं होतात. वर्षाची १२०. त्यात पिशवी लागणारी बाळं चार ते सहा. चार सिस्टर पाळीनं काम करत असतील तर एकीच्या वाट्याला वर्षात एखाद-दुसरं बाळ येणार. वर्षातून एकदा सायकल चालवणाऱ्याकडून आपण काय अपेक्षा ठेवू? आणि इथं तर अपेक्षा अशी की रात्री दोन वाजता, एका बाजूला रक्तस्राव होणारी आई असताना, एका मिनिटात हात बिनचूक चालावा.

मोठ्या इस्पितळात हे बरं असेल असं वाटतं. २०१६ च्या अभ्यासात दिसलं ते उलट. कौशल्य ओसरण्याचं प्रमाण मोठ्या संदर्भ इस्पितळांतल्या लोकांत जास्त होतं. माझ्या मते तिथं काम वाटलेलं असतं. बाळ रडलं नाही की डॉक्टरला हाक जाते आणि नर्स बाजूला होते. खेड्यातल्या नर्सला बाजूला व्हायला जागाच नसते.

हाफिज आणि सिस्टर

आपल्या समाजाला ही गोष्ट नव्यानं समजावून सांगायची गरज नाही. मदरशातला लहान मुलगा तीस पारे पाठ करतो. ज्या दिवशी हिफ्ज पूर्ण होतं त्या दिवशी त्याच्या डोक्यावर पगडी बांधतात, पेढे वाटतात. पण घरातल्या मोठ्यांना माहीत असतं की खरी मेहनत आता सुरू झाली. रोजचा दौर चुकला तर दोन-तीन वर्षांत सुरा एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून तो जन्मभर रोज म्हणत राहतो. रमजानमध्ये तरावीहला उभा राहतो, तेव्हा मागे दुसरा हाफिज ऐकत असतो आणि अडलं की लुकमा देतो. लुकमा मिळाला म्हणून कुणी त्याला नापास म्हणत नाही. व्यवस्थाच अशी आहे की विसरणं गृहीत धरलेलं आहे.

नर्सच्या बाबतीत आपण पगडी बांधतो आणि दौर विसरतो. प्रमाणपत्र फाइलला लागतं, जिल्ह्याच्या अहवालात 'इतक्या जणींचं प्रशिक्षण पूर्ण' असा आकडा जातो, आणि पुढच्या वर्षी तिची बदली होते. माझ्या नात्यातली एक मुलगी कंत्राटी नर्स आहे. तिनं सांगितलं की तिच्या जुन्या दवाखान्यात सरावाची बाहुली होती, पण कपाटात कुलपात. हरवली तर भरपाई कुणी द्यायची, म्हणून किल्ली बाहेर निघत नसे. बाहुली नवीकोरी राहिली. तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा भीती जास्त होती. 'बाजी, मला सगळ्या पायऱ्या पाठ आहेत,' ती म्हणाली, 'पण हात लावून आठ महिने झाले.'

आणि बाळ गेलं की दोष तिच्यावर येतो. नातेवाईक तिच्यावर ओरडतात, चौकशी तिची होते. तिला शेवटचा सराव कधी दिला होता, हे कुणी विचारत नाही. कारण त्याचा रकानाच कुठं नसतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रशिक्षणाच्या रजिस्टरमध्ये 'प्रशिक्षण झालं का' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: शेवटचा सराव कोणत्या तारखेला. बाहुली कपाटातून निघून लेबर रूमच्या टेबलावर यावी. पाळी सुरू होताना पिशवी दाबून बघावी, मास्क फाटलेला नाही ना हे पाहावं. दोघी सिस्टरनी आठवड्यातून पाच मिनिटं एकमेकींचा हात बघावा. यातल्या कशालाही वेगळी सुट्टी, वेगळा निधी किंवा जिल्ह्याहून पाहुणा लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात गावचे लोक असतात. रंगरंगोटी, पाण्याची टाकी, खुर्च्या यांवर तिथं बोललं जातं. तुमच्या गावच्या समितीत कुणी ओळखीचं असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारायला सांगा: आपल्या दवाखान्यात सरावाची बाहुली आहे का, ती कुठं ठेवली आहे आणि ती शेवटची कधी वापरली? प्रश्न सिस्टरला दरडावून विचारायचा नाही. तिच्या बाजूनं उभं राहून विचारायचा आहे. किल्ली तिच्याकडं नसेल, तर ती तिला मिळवून द्यायची आहे.